शंका-समाधान : बागेतले कीटक आणि मॅक्रो कॅमेरा

पहिले दोन पाऊस झाले की गच्चीतल्या कुंड्यांपासून परसातल्या पपईपर्यंत सगळीकडे किड्यांची वर्दळ सुरू होते, आणि आमच्याकडे येणारी पत्रंही वाढतात. या खेपेला आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत 'कोणती लेन्स घेऊ?' एवढंच विचारलं होतं. त्यातलं एकच पत्र निवडलं आहे. सोबत आलेले फोटो पाहता बिघाड लेन्समध्ये फारसा दिसला नाही, प्रकाशात दिसला. म्हणून जास्त जागा त्याला दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे फुल-फ्रेम कॅमेरा आणि १०० मिमी मॅक्रो लेन्स आहे. एफ/४ ला ढालकिड्याचं फक्त डोकं स्पष्ट येतं, पाठ धूसर. म्हणून एफ/२२ लावून पाहिलं, तर सगळाच फोटो मऊ पडला. ॲपर्चर नेमकं किती ठेवायचं? — कोल्हापूर

फुल-फ्रेमवर एफ/११, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर एफ/८ (एफ-आकडा जितका मोठा, तितकं ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, बारीक). त्यापुढे जाण्यात फायदा नाही. हे आकडे कुठून येतात ते एकदा समजून घेतलंत तर पुढे प्रत्येक फोटोला अंदाज बांधता येईल.

१:१ म्हणजे किडा जेवढा, तेवढीच त्याची सेन्सरवरची प्रतिमा. ३६ मिमी रुंद सेन्सरवर पानाची बरोबर ३६ मिमी रुंदी मावते. या मापाला फुल-फ्रेमवर एफ/४ ची डेप्थ (पुढून मागे जेवढी जाडी स्पष्ट येते ती) जेमतेम अर्धा मिमी असते. एफ/८ ला ती १ मिमीच्या आसपास, एफ/११ ला १.३ मिमी आणि एफ/२२ ला साधारण २.६ मिमी. ढालकिडा लांबीला ५ ते ७ मिमी असतो आणि त्याची पाठ घुमटासारखी उचललेली. म्हणजे एफ/२२ लाही तो डोक्यापासून शेपटापर्यंत डेप्थमध्ये बसत नाही.

आता मऊपणाचं. लेन्सवर लिहिलेला एफ-आकडा दूरच्या फोकससाठी असतो. १:१ ला पोचेपर्यंत तो जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे तुमचा एफ/२२ प्रत्यक्षात एफ/४४ च्या घरात गेला. एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो (यालाच विवर्तन म्हणतात) आणि प्रत्येक बिंदूची सेन्सरवर ०.०६ मिमी व्यासाची चकती होते. फुल-फ्रेमवर ०.०३ मिमीपर्यंतची चकती डोळा स्पष्ट मानून घेतो. इथे ती दुप्पट झाली. एफ/११ ला हीच चकती ०.०३ मिमीला येऊन थांबते. एपीएस-सीवर मर्यादा ०.०२ मिमीची, म्हणून तिथे एफ/८.

एक खाचखळगा : निकॉनचे कॅमेरे मॅक्रो लेन्स जवळ फोकस केल्यावर हा वाढलेला आकडाच पडद्यावर दाखवतात, कॅनन लावलेला आकडा तसाच ठेवतो. त्यामुळे निकॉनवाल्या मित्राने सांगितलेला एफ/१६ कॅननवर जसाच्या तसा उचलू नका.

डेप्थ वाढवायचा खरा मार्ग वेगळाच आहे : थोडं मागे सरका. १:२ ला, म्हणजे निम्म्या मापाला, एफ/८ वरच जवळजवळ ३ मिमी डेप्थ मिळते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून मधला निम्म्या रुंदीचा भाग कापला तरी ६ मेगापिक्सेल उरतात. मासिकात अर्धं पान छापायला ते पुरे होतात.

शिवाय कॅमेऱ्याचा कोन. तुमच्या फोटोत ढालकिडा समोरून, वरच्या बाजूने टिपला आहे. त्यात त्याची सगळी लांबी डेप्थच्या दिशेने, पुढून मागे गेली. तोच बाजूने, सेन्सर त्याच्या अंगाला समांतर धरून घेतला असता तर एफ/८ लाही डोळा, पाठीची कड आणि पाय एका रांगेत आले असते. मिटल्या पंखांच्या फुलपाखरालाही हेच लागू. एकच गोष्ट स्पष्ट येणार असेल तर ती डोळा असू द्या. डोळा धूसर आणि पाठ स्पष्ट असा फोटो बघणारा चूक म्हणूनच बघतो.

ऑटोफोकस बंद ठेवा. लेन्सवर माप ठरवून घ्या, आणि श्वास सोडत संपूर्ण शरीरानेच मिलिमीटर-मिलिमीटर पुढे होत पाच-सहा फोटो सलग घ्या. एक बरोबर पडतो.

प्रश्न : किट लेन्स १८-५५ आणि ५५-२५० आहेत. मॅक्रो लेन्सचं बजेट नाही. एक्स्टेन्शन ट्यूब, रिव्हर्स रिंग की पुढे लावायची क्लोज-अप लेन्स? — डोंबिवली

तुमच्याकडे ५५-२५० आहे, तेव्हा क्लोज-अप लेन्स. हिशेब सोपा आहे. लेन्सची फोकल लेंग्थ गुणिले डायॉप्टर (क्लोज-अप लेन्सची ताकद), भागिले १००० केलं की (लेन्स अनंतावर ठेवून) मोठेपणाचं माप मिळतं. रेनॉक्स डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची आहे : २५० मिमीला २ पट, १२५ मिमीला १:१. त्यांचीच डीसीआर-१५० ही ४.८ डायॉप्टरची, २०० मिमीला ती जवळजवळ १:१ देते आणि किड्यापासून अंतर जास्त ठेवते. नवशिक्याला १५० सोपी जाते. दोन्ही चिमट्याने बसतात, ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टर-आट्यावर. प्रकाश जवळजवळ कमी होत नाही, ॲपर्चर कॅमेऱ्यातूनच चालतं, आणि फुलपाखरू जरा लांब बसलं की दोन सेकंदांत काढून खिशात टाकता येते. बाजारात मिळणारा +१, +२, +४, +१० असा एकेका काचेचा स्वस्त संच मात्र घेऊ नका. कडांना जांभळ्या-हिरव्या रेषा येतात.

ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, ५० मिमी लेन्सवर शोभते. नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ, एवढी वाढ मिळते. केन्कोच्या संचात १२, २० आणि ३६ मिमीच्या नळ्या असतात. ५० मिमीवर ३६ ची लावली तर ०.७२ पटीची भर पडते. तीच २५० मिमीवर लावली तर ०.१४, म्हणजे काही नाही. आणि १८ मिमीवर लावली तर फोकस काचेच्या अंगालाच चिकटतो, किडा लेन्सवर बसवावा लागेल. बिनसंपर्काच्या (सोनेरी पिना नसलेल्या) स्वस्त नळीवर ॲपर्चर बदलता येत नाही. कॅननवर यावर एक युक्ती चालते : लेन्स थेट कॅमेऱ्यावर असताना एफ/८ लावा, डेप्थ-प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून लेन्स काढा. पाती मिटलेली राहतात. व्ह्यूफाइंडर अंधारतो, ते सोसावं लागतं.

रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी बसवणारी कडी) सगळ्यांत स्वस्त, आणि २८ मिमीसारखी जुनी, हाताने ॲपर्चर फिरणारी लेन्स कुठे पडून असेल तर मोठेपणाही भरपूर. पण मागची उघडी काच आता बागेकडे तोंड करून असते. परागकण, पाण्याचे शिंतोडे सगळे तिथे. झूमही नाही, फोकसही नाही, फक्त पुढे-मागे होणं.

प्रश्न : फ्लॅश मारला की भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा चट्टा उमटतो आणि मागचं सगळं काळं येतं, जणू रात्री काढला आहे. फोटो दुपारी अकराचा आहे. — रत्नागिरी

दोन वेगळे आजार आहेत.

चट्टा आधी. भुंगेऱ्याची पाठ म्हणजे फुगीर आरसा. तिच्यात तुमचा प्रकाशस्रोत जसा आहे तसाच दिसतो. उघड्या फ्लॅशचं तोंड ६-७ सेंमीचं, तेही किड्यापासून वीत-दीड वीत लांब, म्हणून लहान, जळका ठिपका. स्रोत मोठा करा आणि जवळ आणा, दुसरा इलाज नाही. फ्लॅशवर टिश्यू पेपर गुंडाळल्याने काही होत नाही, कारण कागद लावूनही तोंड तेवढंच राहतं.

डिफ्यूझर घरी होतो. फाइलच्या कव्हरचं लवचीक प्लास्टिक किंवा जाड पुठ्ठा घ्या आणि त्याचा फ्लॅशच्या डोक्यापासून लेन्सच्या टोकापर्यंत पोचणारा, पुढे रुंद होत जाणारा बोगदा करा. १०० मिमी लेन्सला साधारण २५ सेंमी लांबी लागते, पुढचं तोंड २० सेंमी रुंद आणि १५ सेंमी उंच. आतून ॲल्युमिनियम फॉइल, चकचकीत बाजू वर. फॉइल चुरगाळून मग पसरलंत तर प्रकाश जास्त विखुरतो. फ्लॅशच्या तोंडापासून ५ सेंमीवर ट्रेसिंग पेपरचा एक थर, आणि पुढच्या तोंडावर दुसरा. या दुसऱ्याला टीव्हीच्या खोक्यात येते ती पांढरी पातळ फोमची शीट उत्तम, नाहीतर बटर पेपरचे दोन पदर. पहिला थर लोक गाळतात, आणि मग पुढचा थर मधोमध जळतो व कडेला अंधारा राहतो. भुंगेऱ्यावर पुन्हा चट्टाच. पुढचं तोंड खाली झुकवा, त्याची खालची कड लेन्सच्या काठावर टेकली पाहिजे. लेन्सचा हूड काढून ठेवा, तो सावली पाडतो आणि किड्यापर्यंतचं अंतरही खातो. बोगद्याची बाहेरची बाजू काळी किंवा गडद हिरवी असू द्या. मोठा पांढरा पत्रा अंगावर येताना दिसला की चतुर थांबत नाही.

जमलं की नाही हे बघायला किडा नको. सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा टेबलावर ठेवा आणि १:१ ला फोटो काढा. छर्ऱ्यात डिफ्यूझरचा चौकोन कडेपासून कडेपर्यंत सारखा पांढरा दिसला तर काम झालं. मध्ये ऊन आणि कडेला राखाडी दिसलं तर पहिला थर फ्लॅशपासून आणखी २-३ सेंमी पुढे घ्या किंवा त्याच्या मध्यभागी ट्रेसिंग पेपरचा छोटा तुकडा जास्तीचा चिकटवा.

सेटिंग : मॅन्युअल मोड, शटर १/२०० (किंवा तुमच्या कॅमेऱ्याचा जो सिंक वेग असेल तो), एफ/११, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅशही मॅन्युअलवर १/८ ला. टीटीएल (फ्लॅशचा ऑटो मोड) पांढऱ्या फुलावर एक आणि काळ्या भुंग्यावर दुसराच अंदाज करतं. अंतर ठरलेलं असताना मॅन्युअल जास्त भरवशाचं. फोटो उजळ-अंधारा वाटला तर फ्लॅशची पॉवर बदला, शटर नाही. साध्या स्पीडलाइटची चमक १/१६ पॉवरला सेकंदाच्या १/१०,००० भागाच्या आसपास आटोपते, आणि हाताचा हलका थरकाप, वाऱ्याची झुळूक त्यात गोठून जाते. हाय-स्पीड सिंक मात्र चालू नको. त्यात फ्लॅश एका झटक्याऐवजी अनेक छोटे झटके देतो, म्हणजे हा सगळा फायदाच जातो.

आता काळी पार्श्वभूमी. डिफ्यूझर किड्यापासून १५ सेंमी, आणि मागची पानं किड्याच्या मागे ६० सेंमी. म्हणजे प्रकाशापासून ती ७५ सेंमीवर, पाचपट लांब. प्रकाश मात्र पंचविसावा हिस्सा पोचतो. शटर १/२०० आणि एफ/११ असताना अकराचं ऊनही सावलीतल्या पानांना उजळवायला अपुरं पडतं. उपाय तीन, सोपा आधी. किड्यामागे हातभर नव्हे, ५ ते १० सेंमीवर एखादं मोठं पान येईल असा कोन शोधा. अळूचं तुटलेलं पान दुसऱ्या हातात धरून चालतं. दुसरा, आकाश मागे घ्या. तिसरा, आयएसओ ८०० पर्यंत वाढवा, शटर १/६० वर आणा आणि आयएसओ जेवढा वाढवला त्या प्रमाणात फ्लॅशची पॉवर कमी करा. पण किडा उन्हात बसला असेल तर या तिसऱ्या उपायात फ्लॅशची स्पष्ट प्रतिमा आणि उन्हातली हललेली प्रतिमा एकावर एक येतात, कडांना भुताटकी दिसते. सावलीतल्या किड्यालाच तो वापरा.

काळी पार्श्वभूमी वाईटच असते असंही नाही. रातकिड्याला ती शोभते. दुपारच्या चतुराला शोभत नाही.

प्रश्न : एका ग्रुपवर सल्ला मिळाला की किडा डबीत घालून १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला की तो गार होऊन स्थिर बसतो, मग निवांत फोटो काढता येतो. हे योग्य आहे का? नाहीतर माझ्याकडून सगळे उडून जातात. — पुणे

नाही. किडा मरू शकतो, शुद्धीवर येईपर्यंत कोळी-सरड्यांच्या तोंडी जातो, आणि फोटोही खोटा दिसतो. गारठलेल्या किड्याचे पाय आत मुडपतात, मिशा लोंबतात, बाहेर काढताच अंगावर बाष्प धरतं. जाणकार माणूस एका नजरेत ओळखतो. स्पर्धांचे परीक्षकही.

गारवाच हवा असेल तर तो निसर्ग फुकट देतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्योदयाच्या आधी अर्धा तास आणि नंतर तासभर कीटक जागचे हलत नाहीत. अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. टाचण्या (चतुराचे सडपातळ भाईबंद) आणि चतुर गवताच्या काडीवर दवाने भिजलेले सापडतात. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे नर तर संध्याकाळी ठरलेल्या वाळक्या काडीवर रांगेने येतात आणि जबड्याने काडी धरून, पाय सोडून झोपतात. ती काडी एकदा सापडली की पुढचे काही दिवस तिथेच मिळतात. तेवढी ती बाग साफ करताना उपटू नका.

दिवसा जवळ जाताना तीन गोष्टींनी किडे उडतात : तुमची सावली, फांदीला बसलेला धक्का आणि आडवी हालचाल. ऊन पाठीशी घेऊ नका, बाजूला घ्या. किड्याच्या पातळीला खाली बसा आणि सरळ रेषेत, हळू पुढे व्हा. पहिला फोटो लांबूनच घ्या. फ्लॅशने उडायचा असेल तर तेव्हाच उडेल; बहुतेक किडे फ्लॅशकडे लक्ष देत नाहीत. चतुर उडाला तर उठू नका, त्याच काडीवर परत येतो. डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरा आणि लेन्स त्याच मुठीवर टेकवा. आता वारा आला तर फूल आणि कॅमेरा एकत्र हलतात. बागेत ट्रायपॉडपेक्षा ही पकड कितीतरी उपयोगी. ट्रायपॉडचा पाय रोवताना हललेल्या झुडपावरून निम्मे किडे आधीच गेलेले असतात.

लेन्सचा भाग इथे एवढाच : १:१ ला ६० मिमी मॅक्रो किड्यापासून साधारण ९-१० सेंमी अंतर ठेवते, १०० मिमी १३ ते १५ सेंमी, १८० मिमी २० च्या पुढे. फुलपाखरं आणि चतुर हाच छंद असेल तर लांब लेन्स. मुंग्या, मावा, कोळी यांना ६० सुद्धा चालते.

प्रश्न : प्रार्थना कीटकाच्या डोळ्यातला काळा ठिपका कुठल्याही बाजूने काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याकडेच बघतो. तो खरंच बुबूळ फिरवतो का? — सातारा

त्याला बुबूळच नाही. संयुक्त डोळ्यात शेकडो-हजारो नळीवजा कप्पे असतात. जे कप्पे नेमके तुमच्या दिशेने रोखलेले असतात, त्यांच्यात शिरलेला प्रकाश तळाशी शोषला जातो, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. बाजूचे तिरपे कप्पे भिंतीवरून प्रकाश परत फेकतात आणि हिरवे दिसतात. तुम्ही सरकलात की रोखलेले कप्पे बदलतात, ठिपका सरकल्यासारखा वाटतो. फोटोसाठी याचा उपयोग करून घ्या : दोन्ही डोळ्यांतले ठिपके सारख्या जागी दिसले की तुम्ही बरोबर समोर आहात.

प्रश्न : आंब्यावरच्या लाल मुंगळ्याचा फोटो मोठा करून पाहिला तर आठ पाय दिसले. फोटो दोनदा उमटला आहे की काय? — गुहागर

फोटो ठीक आहे, मुंगळा नाही. तो उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला, ओंबिलाची (झाडावर राहणाऱ्या लाल मुंगळ्याची) हुबेहूब नक्कल करणारा कोळी असणार. शास्त्रीय नाव मिर्माप्लाटा प्लाटालिऑइड्स. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे वर धरून चालतो आणि कमरेला मुंगीसारखी खाच असते. नर असेल तर पुढे लांबलचक जबडे असतात, तोंडात दुसरा मुंगळा धरल्यासारखे. पुढच्या वेळी दोन फोटो घ्या : बाजूने, पाय मोजता येतील असा, आणि अगदी समोरून. समोर मोठे दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे दिसतील. ओंबिलाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. ओंबीलही जवळच असतात, तेव्हा फांदीला कोपर टेकू नका.

प्रश्न : मोबाइलवर होतं का हे सगळं? — नागपूर

बरंचसं होतं. आयफोन १३ प्रोपासून पुढच्या प्रो फोनांत आणि अनेक महागड्या अँड्रॉइड फोनांत अल्ट्रा-वाइड कॅमेरा २-३ सेंमीवर फोकस करतो. मुंगीला हे चालतं, फुलपाखराला नाही, आणि फोनची स्वतःचीच सावली किड्यावर पडते. प्रकाश बाजूने येईल असे उभे राहा आणि पलीकडून पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद धरा. स्वस्त फोनांवर '२ मेगापिक्सेल मॅक्रो' असा वेगळा कॅमेरा असतो, तो विसरून जा. त्याऐवजी क्लिप-ऑन लेन्स मुख्य कॅमेऱ्यावर, मधोमध, कव्हर काढून लावा. मध्य एक-दोन मिमी जरी चुकला तरी एक कोपरा धूसर राहतो. फोन जवळ जाताच आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो. सेटिंगमधून ते बंद करा, नाहीतर क्लिप लावलेल्या कॅमेऱ्याऐवजी शेजारचाच चालू होईल. बोट दाबून धरून फोकस-एक्स्पोजर लॉक करा आणि पुढे-मागे होत बर्स्ट घ्या. कडक उन्हात पांढऱ्या फुलावर एक्स्पोजर थोडं खाली ओढा.

प्रश्न : फोकस स्टॅकिंग करून पाहतो, पण मिशा आणि केसांभोवती धुरकट कडा येतात, मध्ये एखादा पट्टा धूसर राहतो. — वसई

स्टॅकिंग म्हणजे फोकस थोडा-थोडा सरकवत घेतलेल्या फोटोंचा एकच फोटो करणं. त्यात धूसर पट्टा म्हणजे दोन फोटोंमध्ये राहिलेलं अंतर. एपीएस-सीवर १:१ ला एफ/५.६ ची डेप्थ साधारण ०.४५ मिमी, फोटो एकमेकांवर चढायला हवेत म्हणून पाऊल ०.३ मिमीचं धरा. माशीच्या चेहऱ्यापासून छातीपर्यंतच्या ४ मिमीसाठी १३-१४ फोटो झाले. हातात धरून नेमकं ०.३ सरकता येत नाही, म्हणून दुप्पट घ्या आणि नंतर गाळा. फ्लॅश १/३२ वर ठेवलात तर तो सलग फोटोंना पुरतो. पूर्ण पॉवरला तिसऱ्याच फोटोला दम टाकतो आणि मधले फोटो काळे येतात.

कॅमेऱ्यातलं फोकस ब्रॅकेटिंग (कॅमेरा स्वतःच फोकस सरकवत मालिका घेतो ते) वापरत असाल तर 'स्टेप' चा आकडा मिलिमीटर सांगत नाही. स्टीलची फूटपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, वेगवेगळ्या स्टेपने मालिका घ्या आणि कुठल्या आकड्याला मिमीच्या रेषा सलग स्पष्ट येतात ते लिहून ठेवा. या मोडमध्ये अनेक कॅमेरे इलेक्ट्रॉनिक शटर वापरतात आणि फ्लॅश चालत नाही, हे घराबाहेर पडण्याआधी तपासा.

धुरकट कडांचं कारण वेगळं. पुढचा केस धूसर असताना तो फुगून मागचा डोळा झाकतो. सॉफ्टवेअरला त्या जागी डोळ्याचा स्वच्छ तुकडा कुठल्याच फोटोत मिळत नाही. झेरीन स्टॅकरमध्ये पीमॅक्स आणि हेलिकॉन फोकसमध्ये मेथड सी एकमेकांवरून गेलेले केस चांगले सोडवतात, पण ग्रेन वाढवतात आणि रंग थोडे कडक करतात. डीमॅप किंवा मेथड बी रंग जपते, केसांजवळ मात्र हरते. अनुभवी लोक दोन्ही काढतात आणि डीमॅपवर फक्त केसांच्या जागी पीमॅक्सचं चित्र ब्रशने उतरवतात. मिशा हलवणाऱ्या किड्यावर स्टॅक करूच नका, दहा मिशा येतील. आणि १:२ ला एकच चांगला फोटो मिळत असेल तर स्टॅकची खटपट कशाला, हेही स्वतःला विचारावं.

प्रश्न : गॅलरीत जेमतेम आठ कुंड्या मावतात. फोटोसाठी किडे यावेत म्हणून काय लावू? — ठाणे

कढीपत्ता आणि लिंबू, दोन कुंड्या यांना द्या. कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय ही फुलपाखरं कोवळ्या पानांवर सुमारे १ मिमीची फिकट पिवळसर, गोल अंडी एकेकटी घालतात. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी. डिवचली तर डोक्यामागून शिंगांची जोडी बाहेर काढते. फोटोसाठी पुन्हापुन्हा डिवचू नका, एकदा पुरे. तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका, छोट्या मधमाश्या तिथेच येतात. कोथिंबीर आणि बडीशेप फुलू द्या. त्यांच्या छत्रीवर होवरफ्लाय माश्या घिरट्या घालतात. एका मिरचीवरचा किंवा शेवंतीवरचा मावा तसाच राहू द्या. आठवड्याभरात ढालकिडे, त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या, गोड चिकटा चाटणाऱ्या मुंग्या असा सगळा संसार त्या एका शेंड्यावर जमतो. मात्र मग कुठल्याच कुंडीवर फवारणी नको; निंबोळी तेलानेही मऊ अंगाच्या अळ्या मरतात.

ओळख पटवून घ्यायची असेल तर आयनॅचरलिस्टवर (जीवांची ओळख पटवून देणारं संकेतस्थळ) टाकताना वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो द्या, आणि तो कुठल्या झाडावर होता ते लिहा. एकट्या देखण्या चेहऱ्यावरून माशीची जात सांगता येत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी उगवलं. तांदळाच्या डब्यात ठेवलं तर जाईल का? — सावंतवाडी

बुरशी आहे, आणि तांदळाने जाणार नाही. उलट तांदळाची धूळ झूमच्या फटीत शिरेल. काचेच्या आत आहे म्हणजे लेन्स उघडावी लागणार, ते काम दुरुस्तीवाल्याचं. लवकर दाखवा. बुरशी जुनी झाली की काचेवरचं कोटिंग खाते आणि पुसल्यावरही नक्षी राहते.

पुढच्यासाठी : हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती खाली येतच नाही. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर रबरी कडेचा हवाबंद झाकणाचा २० लिटरचा प्लास्टिकचा डबा, त्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल जाळीच्या पिशवीत, आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा). आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ३० च्या खाली नको, रबर आणि वंगण सुकतात. निळं जेल गुलाबी झालं, किंवा नारिंगी जेल हिरवं झालं, की पसरट थाळीत ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. थाळी स्वयंपाकाची नको. नारिंगीच घेतलेलं बरं. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. चामड्याचं कव्हरही डब्याबाहेर. तेच ओल धरून ठेवतं.

पावसातून आल्यावर कॅमेरा ओला तसाच डब्यात बंद करू नका. पुसा, लेन्स आणि डिफ्यूझर वेगळे करा, पंख्याखाली तासभर ठेवा. बटर पेपरचा थर ओलसर राहिला तर त्याच्यावरही काळे ठिपके पडतात. तो दर पावसाळ्यात नवा लावायचा.